‘आपल्या खुशीने गेली’ असं मी लिहिलं

आमच्या पाड्याच्या पाटलाकडे एका पत्र्याच्या नळकांड्यात जुने कागद असत. पाटील वारला. त्याच्या मुलाला वाचता येत नाही, म्हणून गेल्या शिमग्यानंतर त्याने ते नळकांडं माझ्या ओटीवर आणून टाकलं. म्हणाला, “बघ काका, काय कामाचं हाय का. नायतर चुलीत घालतो.” आत बांधाच्या भांडणाचे, लाकूडतोडीच्या परवानगीचे असे कागद होते. वाळवीने बरेच खाल्ले होते. अगदी तळाशी माझ्या अक्षरातला एक कागद निघाला, त्याला मात्र वाळवी लागली नव्हती.

“सदर बाई प्रकृतीच्या कारणाने व आपल्या खुशीने भावाकडे पोशेऱ्यास राहण्यास जात आहे. तिला कोणी घालवलेली नाही. पाड्याविरुद्ध तिची काही तक्रार नाही.” खाली काजळीचा अंगठा आहे, अजून काळाभोर.

सदर बाई म्हणजे माझी बायको. ती आपल्या खुशीने गेली नव्हती. तिची तक्रार होती, आणि ती पाड्याविरुद्ध कमी, माझ्याविरुद्ध जास्त होती. हे मला तो कागद लिहिताना ठाऊक होतं. आता माझे गुडघे उतार चढू देत नाहीत आणि डोळे दिवस मावळला की काम करत नाहीत, तेव्हा उजेड आहे तोवर खरं काय ते लिहून ठेवतो. यात काही गोष्टी अशा आहेत की माणसं त्या बोलत नाहीत. मीही बोललो नाही, म्हणूनच हे सगळं झालं.

माझे वडील संस्थानच्या जंगलात रखवालदार होते. त्यामुळे मी जव्हारच्या शाळेत चार इयत्ता शिकलो. परत आलो तो नांगर धरायलाच आलो, पण पाड्यात लिहिता येणारा मी एकटाच. कचेरीत अर्ज द्यायचा असला की माणसं माझ्याकडे यायची. मी लिहिलं म्हणजे ते खरंच असणार, असा माझा मान होता. त्या मानाला मी फार जपत असे.

बायको पोशेऱ्याची. तिचं हसू मोठं होतं. शेतात हसली तर पलीकडच्या उतारावरच्या बाया विचारायच्या, काय झालं गो? लग्न झालं तेव्हा आम्ही दोघंही कोवळे होतो. तिने मला रीतीप्रमाणे कधी अहोजाहो केलं नाही, आमच्यात ते नाहीच. ती मला तू म्हणायची आणि रागावली की ‘मास्तर’ म्हणायची.

नागली, म्हणजे नाचणी, पिकू लागली की रानडुकरं राखायला शेतात माळा बांधतात. चार खांब, वर कुडाचा आडोसा. त्या दिवसांत आम्ही दोघं माळ्यावर राहायचो. घरात आई, भाऊ, मुलं, सगळे एकाच दालनात. माळा तेवढा आमचा. वर्षाचे ते दीड-दोन महिने आम्हाला एकमेकांचे असे मिळत. मुलगा मोठा झाला, सून आली, तरी ती माळ्याची पथारी स्वतः बांधायची. सून हसायची, तर ही म्हणायची, “हस, हस. तुझा नवरा डुकरं पाहून पळतो, म्हणून आम्हा म्हाताऱ्यांना जावं लागतं.” आमचं असं चांगलं चाललं होतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की आमच्यात काही नव्हतंच.

मग तिची पाळी जायला लागली. आमच्याकडे बाई त्या चार दिवसांत कणगीला हात लावत नाही, पडवीत बसते. त्यामुळे ही गोष्ट घरात लपत नाही. एक महिना ती पडवीत बसली नाही, मग बसली, मग तीन महिने बसलीच नाही. सून म्हणाली, “आत्या, आता कणगी बारा महिने तुमचीच.” ती म्हणाली, “हो गो. धान्य माझं, पडवी तुझी.” हसली, पण त्या दिवशी तिने भाकर अर्धीच खाल्ली.

त्याच हिवाळ्यात तिच्या अंगात उष्णता येऊ लागली. माघाची थंडी, आम्ही शेकोटीला चिकटून बसलेले, आणि ही एकदम लाल व्हायची. मान, छाती, कपाळ घामाने निथळायचं. ती अंबाडा सोडायची, लुगडं खांद्यावरून ढिलं करायची आणि उठून ओहोळाकडे जायची. गार पाण्यात गुडघाभर उभी राहून तोंडावर, मानेवर पाणी मारायची. थोड्या वेळाने परत यायची ती कुडकुडत. भर दुपारीही हे व्हायचं, पहाटेही व्हायचं. एकदा मी तिच्या मानेला हात लावून पाहिला. तापल्या तव्याजवळ हात नेल्यासारखं वाटलं. “ताप हाय का गो?” म्हटलं. “ताप नाय. येतंय अन् जातंय. आत कोणीतरी राब पेटवल्यागत.” शेतात रोप टाकण्याआधी पालापाचोळा रचून आम्ही जमीन भाजतो, त्याला राब म्हणतात. तिला तीच उपमा सुचली.

पुढच्या नागलीला आम्ही माळ्यावर गेलो. मी जवळ गेलो तेव्हा ती आखडली. मग म्हणाली, “थांब.” मी थांबलो नाही. तिने दात आवळले ते मला दिसले. दुसऱ्या दिवशी तिने माझा हात बाजूला केला.

“दुखतं,” ती म्हणाली.

“आजवर नाय दुखलं.”

“आजवर वेगळं होतं. आत कोरडं पडलंय. भाताच्या पेंढ्यावर अंग घासल्यागत होतं. तुझी चूक नाय.”

मी पाठ वळवून बसलो. तिने माझी चूक नाही म्हटलं, ते मला ऐकूच आलं नाही. मला एवढंच ऐकू आलं की ती मला नको म्हणते.

आठवडाभराने तिने कमरेची एक छोटी बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. खुरासणीचं तेल होतं. घरचंच, पण कापडातून दोनदा गाळलेलं.

“सुईणीकडे गेले होते,” ती म्हणाली. “ती म्हणते, सगळ्या बायांना होतं, कोणी बोलत नाय एवढंच. हे लावायचं. अन् घाई करायची नाय. जवळ बसायचं, बोलायचं, अंग आपोआप कळवतं. अन् ही गरमी दोन पावसाळे राहील, मग जाईल. तिचीपण गेली.”

एवढंच होतं ते. औषध समोर होतं, ते घरात पिकत होतं, आणि सांगणारी बाई पाड्यातली निम्मी बाळंतपणं केलेली. मी काय म्हणालो ते लिहितो.

मी म्हणालो, “माझ्या घरातली गोष्ट तू सुईणीच्या तोंडात घातलीस?”

“तुझी नाय, माझी सांगितली.”

“तेल लावायला मी काय गाडीचा आस हाय?”

ती पहिल्यांदा हसली, तिला वाटलं मी थट्टा करतो. मग तिने माझं तोंड पाहिलं. “मास्तर,” एवढंच म्हणाली आणि बाटली पुन्हा कमरेला लावली.

माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच चालू होतं. खळ्यावर पुरुष बसले की एका माणसाची थट्टा चालायची. त्याची बायको त्याच्यापाशी येत नाही असं कुठून तरी फुटलं होतं. कुणीतरी म्हणायचं, “त्याच्या चुलीत राख अन् चिलमीत नुसता धूर.” आणि सगळे मांडीवर थाप मारून हसायचे. मीही हसायचो. तो माणूस हळूहळू खळ्यावर यायचाच बंद झाला. सुईणीने कुणाला सांगितलं तर ती थट्टा माझी होईल, या भीतीने मी दिवसभर त्या म्हातारीचं तोंड पाहत राहायचो, ती कुणाशी बोलते, कुणाकडे पाहून हसते. ती बिचारी कुणाशी काही बोलली नाही. मरेपर्यंत बोलली नाही.

बोललो तो मी. मी भगताकडे गेलो.

भगत शेजारच्या पाड्यावर राहायचा. दुखणंखुपणं, हरवलेलं जनावर, सगळ्याला आम्ही त्याच्याकडे जात असू. मला त्याच्याकडून एखादी मुळी हवी होती, अशी की ती घेतल्यावर बायको पूर्वीसारखी होईल आणि मला तोंडाने काही सांगावं लागणार नाही. गेलो तेव्हा त्याच्या ओटीवर आमच्याच पाड्याचा एकजण कोंबडी घेऊन बसला होता. मी त्याच्यादेखत खरं कसं सांगणार? भगताने सुपात तांदळाचे दाणे टाकले.

“काय होतं तिला?”

“अंग तापतं.”

“अजून?”

“बाहेर जाते.”

“कुठं?”

“ओहोळावर.”

“कशी जाते?”

मी म्हणालो, “केस सोडून.” मग म्हणालो, “माझ्याजवळ येत नाय.”

भगताने दाणे दोन-दोन करून मोजले. एक दाणा उरला, म्हणजे कौल वाईट. त्याने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाला, “मी काय बोललो नाय.” मुळी दिली नाही. मी उठलो तेव्हा कोंबडीवाला माझ्याकडे पाहत नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं म्हणजे तेव्हाच कळलं. आमच्याकडे जी बाई केस सोडून पाण्यावर एकटी जाते, जिचं अंग विनातापाचं तापतं, आणि जी नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, तिला काय म्हणतात ते लहान मूलही सांगेल. भुताळी. जिच्या नजरेने पोर दगावतं, बैल बसतो. मी भगतापुढे एकेक करून चारी खुणा ठेवल्या होत्या, आणि पाचवी, जी खरी होती, ती तेवढी गिळली होती. तिला दुखतं, ही.

कार्तिकात शेजाऱ्याचं तान्हं मूल तापाने गेलं. आदल्या दिवशी माझ्या बायकोने त्याला मांडीवर घेऊन तेल लावलं होतं. कमरेच्या त्याच बाटलीतलं.

मग बाया आमच्या विहिरीवर येईनात. ती वाटेने गेली की पोरांना आत ओढायच्या. तिने मला विचारलं, “काय झालंय रे?” मी म्हटलं, “मूल गेलंय, दुःखात हायत.” ती म्हणाली, “दुःखात मीपण हाय. मी तर त्याला न्हाऊ घातलं.” सूनही आता तिने राखलेली भाकर खाईना, आणि मुलगा, माझा मुलगा, ओटीवर बसून दोर वळत राहायचा, मान वर करत नसे. त्या दिवसांत मी जव्हारच्या बाजाराला दोनदा जाऊन आलो, काम नसताना. शिरपामाळाच्या चढावर बसलो, खाली घरं पाहिली आणि परत आलो. बाजारात कुणाला काही सांगण्यासारखं नव्हतं.

पंच बसले ते उंबराखाली, भात झोडून झाल्यावर, सकाळच्या उन्हात. सगळा पाडा आला होता. मागे एका पाड्यावर अशा बाईला मारलं होतं, तेव्हा संस्थानच्या फौजदाराने चौघांना बेड्या घालून नेलं होतं, ते सगळ्यांच्या ध्यानात होतं. त्यामुळे कुणी हात उचलला नाही. पाटील नीट बोलला. कोंबडीवाल्याने काय ऐकलं ते सांगितलं. पाटलाने मला विचारलं, “हे तू भगताला बोललास?”

“बोललो.”

“खोटं हाय का?”

“खोटं नाय.”

ती उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. तिने पदर मागे सारला आणि माझ्याकडे वळली. “मी पाण्यावर का जाते ते तुला ठाऊक हाय. तुझ्याजवळ का येत नाय तेपण ठाऊक हाय. सांग त्यांना. मी बाई हाय, माझ्या तोंडून त्यांना पटायचं नाय. तू सांग. तुझं ते ऐकतात.”

खरंच ऐकलं असतं. तीच तर गोष्ट आहे. मी उभं राहून म्हणालो असतो की हिचं वय झालंय, हे सगळ्या बायांना होतं, सुईणीला विचारा, तर म्हाताऱ्या बायांपैकी दोघी-चौघींनी माना हलवल्या असत्या. सुईण तिथेच बसली होती. ती माझ्याकडेच पाहत होती. आधी नवऱ्याने बोलावं, मग ती बोलणार, अशी तिची रीत असावी. पण ते म्हणायचं तर ‘तिला दुखतं’ म्हणावं लागलं असतं, खळ्यावरच्या त्या माणसांपुढे. ज्याची थट्टा व्हायची तो माणूसही आला होता, सगळ्यांच्या मागे बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं.

“तिला बरं नसतं,” मी म्हणालो. “बाकी मला ठाऊक नाय.”

तिने पदर पुन्हा डोक्यावर ओढला. ओरडली असती तर बरं झालं असतं. सुईणीने मान खाली घातली.

ठरलं ते असं: बाईने भावाकडे पोशेऱ्याला जावं. पोशेरा संस्थानच्या हद्दीपलीकडे, तिथे आपल्या कचेरीची विचारपूस पोचत नाही. आणि उद्या कुणी विचारलंच तर कागद असावा. कागद लिहिणार कोण? पाटलाने बोरू-दौत आणून माझ्यापुढे ठेवली. त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. ‘प्रकृतीच्या कारणाने’ हे शब्द पाटलाचे नव्हते. ते मी घातले. मला वाटलं, एवढं तरी खरं राहील.

तव्याच्या बुडाची काजळी आणली. तिचा अंगठा मी धरला. त्या क्षणी तिला ती गरमी आली. तिचा हात माझ्या हातात तापत गेला, कपाळावर घाम फुटला, आणि ती तिथून हलू शकत नव्हती. सगळे पाहत होते. तिने दुसऱ्या हाताने अंबाडा सोडला नाही. घाम तसाच गळू दिला.

“काय लिहिलंस?” तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं.

“आपल्या खुशीने,” ती म्हणाली. “बरं.” आणि अंगठा दाबला.

निरोप गेला आणि दोन दिवसांनी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. तिने एक लुगडं, तिचा कोयता आणि ती बाटली नेली. मी ओहोळापर्यंत गेलो. त्यापुढे गेलो नाही.

त्यानंतर मी वर्षातून एकदा-दोनदा पोशेऱ्याला जायचो. पहिल्या वेळी तिची भावजय म्हणाली, ती शेतावर आहे. मी दुपारभर बसून परत आलो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गेलो तेव्हा ती अंगणात वरई पाखडत होती. बारीक झाली होती, पण चेहरा शांत होता. मला पाणी दिलं.

“गरमी गेली,” तिने आपणहून सांगितलं. “सुईण म्हणाली होती तसंच झालं.”

मी म्हटलं, “चल घरी.”

“पाडा घेईल?”

“मी बोलेन.”

“काय बोलशील?”

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ती सूप झटकत म्हणाली, “आधी बोल. मग न्यायला ये. मी वाट पाहीन.” मग थोड्या वेळाने, हळू, कुणी ऐकत नाही ना पाहून, “मलापण आठवण येते रे. माळ्याची. मला नको होतं असं नाय. मला थांबून हवं होतं.”

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी परत आलो. त्या वर्षी बोललो नाही, पुढल्या वर्षीही नाही. मूल गेलेल्या शेजाऱ्याला पुन्हा मूल झालं, मग पाटील आजारी पडला, दरवेळी वाटायचं की आता बोलून काय. ती नऊ वर्षं पोशेऱ्याला राहिली. तिथल्या बायका तिच्याकडे अंगदुखीला, बाळंतपणाला यायच्या असं भाऊ सांगायचा. तिथे तिला कुणी भुताळी म्हटलं नाही. गेली तेव्हा निरोप आला, मी पोचलो तोवर माती झाली होती. भाऊ माझ्याशी बोलला नाही. भावजयीने तेवढं विचारलं, “सांगितलं का शेवटी?”

हे सगळं मी तसंच माझ्याबरोबर जाऊ दिलं असतं. पण या माघात माझी सून सकाळी चुलीपुढून एकदम उठली. तोंड लाल, मान घामाने भिजलेली. ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. ओहोळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत जाऊन चुलीपुढे बसली. अंबाडा तिने घट्ट केला. सासूचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. तिला काय होतंय ते मला ठाऊक आहे, आणि तिला ते ठाऊक नाही. सासऱ्याने सुनेशी ही गोष्ट बोलायची नसते. सुईण केव्हाच गेली. सांगणारं घरात दुसरं कुणी नाही.

म्हणून काल मी मुलाला हाक मारली. तो ओटीवर दोर वळत होता, तसाच, तेव्हासारखा. मी तो कागद काढला आणि वाचला. मग कागदाच्या मागल्या बाजूला मी आता लिहिलं होतं तेही वाचलं: “या कागदाच्या पुढल्या बाजूचा मजकूर खोटा आहे. सदर बाई भुताळी नव्हती. तिची पाळी गेली होती. त्या वयात अंगात उष्णता येते व काही वर्षांत जाते. नवऱ्याजवळ तिला दुखत असे. त्यास तेल व धीर एवढेच लागते. नवऱ्याने दोन्ही दिले नाही व पंचांपुढे खरे सांगितले नाही. तिला मी घालवली.”

आत जातं चालू होतं. मी वाचू लागलो तेव्हा ते थांबलं.

मुलाने दोर खाली ठेवला. त्याने मान वर केली. त्याचे डोळे त्याच्या आईचे आहेत.

“हे तेव्हा का नाय बोललात, बाबा?”

मी कागदाची घडी घालू लागलो.

आत जातं अजून थांबलेलंच होतं. मग त्याने दाराकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “पुन्हा वाचा. जरा मोठ्यानं.”

मी पुन्हा वाचलं.